रेषेबाहेरचा खो

वागळे इस्टेट, ठाणे
२७ नोव्हेंबर २०२४

आदरणीय टिपणीस सर,
सा. न.

तुम्ही मला फोनवर ब्लॉक केलंत म्हणून हे पत्र. याआधीचं पत्र मी शाळेत लिहिलेलं, मामाला, ते पण मार्कांसाठी. हे तुमच्या नौपाड्याच्या बिल्डिंगखालच्या पेटीत टाकतोय. वर यायची हिंमत आहे, पण तुमचा वॉचमन कालच बोलला, "तो वायले आला तर सर झोपलेत असं सांगायला सांगितलंय सरांनी." भर सकाळी कोण झोपतं, सर?

मुद्द्यावर येतो. कॉलेजच्या मैदानाच्या गेटवर माझा फोटो लावलाय आणि 'यास आत सोडू नये' लिहिलंय. फोटो पण तो, ज्यात माझे डोळे मिटलेत. मी विचारतो, का? मी कॉलेज सोडलं ते ऑफिसमधल्या क्लार्कशी वाजलं म्हणून. आयकार्ड त्याच्या टेबलावर फेकलं आणि आलो. टीमला मी कधी सोडलं नाही. आपल्या लोकसेतू कॉलेजला आहे काय? लायब्ररीतला पंखा फिरत नाही, कॅन्टीन म्हणजे सखारामची टपरी. पण मुलींची खो-खोची टीम आहे, आणि विठ्ठलवाडीत त्या टीमसाठी लोक धंदा बंद ठेवून येतात. सखाराम येतो, स्टँडवरचे रिक्षावाले येतात, आपल्या कॅप्टनची, कृतिकाची, आजी घरून लाडू घेऊन येते. हा 'लाल माती ग्रुप' कोणी जमवला? मी. मला भोंगा उगाच म्हणत नाहीत.

आता रविवारच्या लीग मॅचचं. ठाण्याच्या टीमची एकच पोरगी मैदानात उरलेली. ती बाद झाली की बरोबरी, आणि मग मॅच आपलीच. अर्धं मिनिट होतं. कृतिका तिच्या मागे धावतेय, दिशा पाटीत बसलेली, पाठ कृतिकाकडे. कृतिकाचा हात दिशाच्या पाठीला लागायच्या आधीच कोणीतरी बाहेरून "खो!" ओरडलं. दिशा उठली. फाऊल. तेवढ्यात ती पोरगी निसटली आणि आपण एका गुणाने गेलो.

मी समोर बघितलं तर त्यांचा एक पिवळ्या टी-शर्टवाला, तोंड उघडं! मी गेलो आणि ठेवून दिली एक. तुम्ही माझी कॉलर धरलीत. त्याची नाही धरलीत. हे बरोबर आहे का?

ऐकलंय की दिशा सरावाला येत नाही. सगळे तिलाच बोलतायत, कृतिका तर तिच्याशी बोलतच नाही. सर, तिच्याबद्दल माझ्या मनात काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. अख्ख्या कॉलेजला माहीत आहे. तिला माहीत आहे का, तेवढंच मला माहीत नाही. ती खेळायची थांबली तर मी त्या पिवळ्याला सोडणार नाही. मला मैदानात येऊ द्या. मी असलो की ती खेळते.

आपला,
देवेश वायले


नौपाडा, ठाणे
३० नोव्हेंबर

चि. देवेश यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. ऱ्हस्व-दीर्घाबद्दल पुन्हा कधीतरी बोलू. तुला ब्लॉक केलं, कारण तुझे निरोप ऐकताना फोन कानापासून हातभर लांब धरावा लागत होता. लिहिताना माणसाला ओरडता येत नाही. म्हणून यापुढे तू मला लिहीतच जा, मीही उत्तर देत जाईन.

त्या पिवळ्या टी-शर्टवाल्याचं नाव साकेत. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला आहे. माझ्या घरापासून दुसऱ्या गल्लीत, गणपती मंदिरासमोरच्या इमारतीत, तळमजल्यावर राहतो. तुझ्या थपडेने त्याच्या डाव्या कानाचा पडदा फाटला आहे. त्याचे वडील पोलिसांत तक्रार द्यायला निघाले होते. मी त्यांच्या दारात उभा राहून हात जोडले. मुलगा तापट आहे पण वाईट नाही, असं मी म्हटलं. ते खरं आहे की नाही, हे मला अजून ठरवायचं आहे.

आता एक काम कर. त्या सामन्याचं चित्रण यूट्यूबवर आहे. कानाला इअरफोन लाव, डोळे मिट, आणि शेवटचं अर्धं मिनिट ऐक. बघू नकोस, ऐक. मग पुन्हा ऐक.

काय ऐकू येईल ते मीही सांगू शकलो असतो. पण मग तू माझ्याशी भांडला असतास.

तुझा,
सु. टिपणीस


वागळे इस्टेट
३ डिसेंबर

आदरणीय सर,

ऐकलं.

पहिल्यांदा वाटलं, कोणीतरी माझी नक्कल करतंय. मग वाटलं, एडिट केलंय. मी कामाला आहे त्या फ्लेक्सच्या दुकानात मोठे स्पीकर आहेत, त्याच्यावर लावलं. मशीनवरचा प्रफुल्ल पान लावत होता, त्याला मॅचचं काही माहीत नाही. तो मान वर न करता बोलला, "काय रे भोंग्या, स्वतःलाच काय ऐकत बसलायस?"

सर, तो 'खो' माझा आहे.

शपथ घेऊन सांगतो, मला आठवत नाही ओरडल्याचं. सरावाला बाहेर उभा असतो ना, तेव्हा आत प्रत्येक खो पडताना मी पण बाहेरून देतो. तोंडातून आपोआप निघतो. गेली दोन वर्षं देतोय. कोणी कधी बोललं नाही. त्या दिवशी कृतिकाचा हात पोचायच्या आधी माझं तोंड पोचलं.

आणि मी त्या साकेतला मारलं. माझ्याच आवाजासाठी. काल दिवसभर फ्लेक्स कापताना हाताकडे बघवत नव्हतं. प्रफुल्ल बोलला, ब्लेड नीट धर, बोट जाईल. मनात आलं, जाऊ दे.

पण सर, रात्री पडल्या पडल्या एक गोष्ट डोक्यात आली आणि मी उठून बसलो. तिथे एवढे लोक ओरडत होते. ताशा होता. त्यांच्या पोरी किंचाळत होत्या. त्या सगळ्यात दिशा उठली ती कोणाच्या आवाजाला? माझ्या! तुम्हीच शिकवता ना, पाठीला हात लागल्याशिवाय हलायचं नाही. ती तीन वर्षांत कधी हलली नाही. माझ्या आवाजाला हलली. याचा अर्थ काय होतो, तुम्ही मोठे आहात, तुम्हीच सांगा. आणि तिने कोणाला सांगितलं पण नाही, की आवाज देवेशचा होता. सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि मला वाचवलं.

आता मी गप्प बसलो तर मी माणूस नाही. मी सगळ्या विठ्ठलवाडीला सांगणार की तिची काही चूक नाही. माझ्या पद्धतीने सांगणार. मशीन आहेच, मालकाला विचारलंय, तो बोलला मटेरियल उरलंय त्यातून कर.

आपला,
देवेश


नौपाडा
८ डिसेंबर

देवेश,

फ्लेक्स उतरव. पत्र पोस्टाने पोचायची वाट बघवत नाही, म्हणून शेजारच्या आनंदच्या हातून तुझ्या दुकानात पाठवतो आहे. वाचत बसू नकोस. आधी जा, उतरव.

आशीर्वाद नंतर.

टिपणीस


वागळे इस्टेट
९ डिसेंबर

सर,

उतरवला. कसा उतरवला ते लिहितोय, कारण दुसऱ्या कोणाला सांगू शकत नाही.

तुम्ही बघितला की नाही माहीत नाही. रिक्षा स्टँडच्या समोर, विजेच्या दोन खांबांच्या मधे, चांगला मोठा. वर लिहिलेलं, 'आवाज माझा, चूक माझी! दिशा रोकडे निर्दोष!' एका बाजूला तिचा जर्सीतला फोटो, एका बाजूला माझा हात जोडलेला. हात जोडलेला एकच फोटो होता माझ्याकडे, चुलतभावाच्या हळदीतला, त्यात गॉगल होता. मधे जागा मोकळी दिसत होती म्हणून प्रफुल्लने फुलं टाकली. खाली ग्रुपच्या सगळ्यांचे फोटो, 'शुभेच्छुक' म्हणून. माफीच्या फ्लेक्सला शुभेच्छुक नसतात हे आता कळतंय. छापताना सवयीने टाकले.

मी शिडी घेऊन पोचलो तर स्टँडवर हीऽऽ गर्दी. मला वाटलं शाबासकी देतायत. ग्रुपमधला नाथा माझ्या पाठीत थाप मारून बोलला, "काय भोंगाशेठ, साखरपुडा कधी? आम्हाला फ्लेक्सवरूनच कळवणार काय?" दुसरा बोलला, "पोरगी ह्याच्या आवाजावर उठते रे, लग्नानंतर अलार्म लावायला नको." सगळे हसले. सर, खोटं नाही बोलत, पहिल्या क्षणाला मी पण हसलो.

मग नाथाने डोळ्याने खूण केली. रांगेत तिसरी रिक्षा होती, तिच्यात दिशाचे बाबा बसलेले. मला माहीत नव्हतं ते याच स्टँडला लावतात. शपथ, माहीत नव्हतं. मी दोन वर्षं त्यांच्या मुलीच्या मागे आहे आणि तिचा बाप कुठे रिक्षा लावतो ते मला माहीत नव्हतं.

ते खाली उतरले. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी शिडी धरली. बोलले, "चढ. मी धरतो. पडशील."

मी वर चढून दोऱ्या कापतोय आणि खाली ते शिडी धरून उभे, आणि अख्खा स्टँड बघतोय. फ्लेक्स खाली पडला तो उलटा पडायला पाहिजे होता, पडला सुलटा. त्यांनी तो उचलला. घडी घालताना तिचा चेहरा मोडू नये म्हणून घडी दोनदा बदलली. माझा चेहरा मोडला तर त्यांना काही नव्हतं, आणि बरोबरच आहे. मी "काका" एवढंच बोललो. ते बोलले, "सकाळपासून सहा जणांनी पेढे मागितले माझ्याकडे. तू कोणाचा रे? वायल्यांचा ना? तुझ्या घरी कोणी मागितले का?"

नाही मागितले, सर. उलट घरी गेलो तर काळुराम काका खाटेवर बसून हसत होता. "आरं, त्या पोरीसंग फोटू? लगीन कराचंय का नुसताच फोटू?" आणि मग हळू आवाजात अजून एक वाक्य बोलला, तिच्या घराबद्दल, तिच्या जातीबद्दल. ते मी लिहीत नाही. एरवी मी बाहेरच्या कोणाला त्या शब्दावर मारलं असतं. काकासमोर मी मान खाली घालून जेवायला बसलो.

तिला एक पत्र लिहू का? तुम्ही द्याल का?

देवेश


विठ्ठलवाडी
१८ डिसेंबर

देवेश,

सर म्हणाले, तुला मला पत्र लिहायचंय. तू लिहिण्याआधी मीच लिहिते, म्हणजे तुझे कागद वाचतील.

आपण दोघं कधी नीट बोललेलो नाही, आठवून बघ. तू दोन वर्षं माझं नाव ओरडलास, मी दोन वर्षं ऐकलं. याला ओळख म्हणत असशील तर म्हण.

सर म्हणाले, मी तुझ्या आवाजाला उठले म्हणून तू खूश आहेस. तर ऐक. आमच्या खोलीला लागून शेजारच्यांचं स्वयंपाकघर आहे. त्यांचा कुकर शिट्टी मारतो तेव्हा मी झोपेत उठून गॅस बंद करायला जाते. आमचा गॅस बंदच असतो. कुकर आमचा नाहीच. तरी उठते, कारण कानाला सवय झाली आहे. तुझ्या आवाजाचं तेवढंच आहे. मला तुला दुखवायचं नाही, पण तुला दुसऱ्या कुठल्या भाषेत कळेल असं वाटत नाही.

मी कोणाला सांगितलं नाही ते तुला वाचवायला नाही. 'देवेशचा आवाज होता' असं म्हटलं असतं तर कोणी विचारलं असतं, तुला गं कसा बरोबर ओळखू आला? मग जे आता फ्लेक्समुळे झालं ते तेव्हाच झालं असतं. म्हणून मी शिव्या खाल्ल्या. त्या परवडत होत्या.

आणि दुसरं. उठले ती चूक माझी होती. हात लागला नव्हता, मी उठले. तीन वर्षं मी पाटीत बसायला शिकले, पाय भरून येईपर्यंत बसले, आणि त्या एका क्षणाला चुकले. ती चूक पण तू मोठ्या अक्षरांत स्वतःच्या नावावर करून घेतलीस. मला निर्दोष करणारा तू कोण? खेळाडूची चूक खेळाडूकडे राहू दे.

तुझं नाव माझ्या नावाशेजारी लागलं तर तुझ्या गावात तू हिरो होतोस. आमच्या चाळीत आईला पाणी भरताना विचारतात. बाबांना स्टँडवर विचारतात. आणि तुमच्याकडे आमच्याबद्दल काय बोलतात ते मला माहीत आहे. तू तेव्हा काय बोलतोस, ते मात्र माहीत नाही. विचारतही नाही.

बाबा म्हणाले, बास झाला खेळ. मी सरांना आणि कृतिकाला घरी बोलावलं. कृतिका रडली, मला म्हणाली तू नसशील तर मी खो कोणाला देऊ. आई म्हणाली, खेळू दे. शेवटी बाबा एवढंच बोलले की फायनलला ते स्वतः येऊन रेषेजवळ उभे राहणार, आणि त्या पोराचा आवाज एकदा जरी कानावर आला तरी मला हाताला धरून मैदानातून घेऊन जाणार. डाव चालू असला तरी.

ते तसं करतील. आणि ही माझी शेवटची फायनल आहे, पुढच्या वर्षी मी कॉलेजात नसणार.

गेटवर तुझा फोटो आहे म्हणून येऊ नकोस असं नाही. भिंतीवरून उडी मारून तू आला असतास. मी सांगते आहे म्हणून येऊ नकोस.

दिशा रोकडे


वागळे इस्टेट
२१ डिसेंबर

दिशा,

नाही येणार.

देवेश


नौपाडा
५ जानेवारी २०२५

चि. देवेश यास,
आशीर्वाद.

दिशा रोज सरावाला येते. पहिले दोन दिवस ती हात लागल्यावरही उठत नव्हती. खात्री करून घ्यायची जणू. कृतिकाला दोनदा ढकलावं लागायचं. आता सुधारते आहे.

फायनल येत्या रविवारी, बाराला. पुन्हा ठाण्याचाच संघ. तुमच्या त्या ग्रुपचा नाथा परवा मला मैदानावर येऊन भेटला. म्हणाला, "सर, भोंग्याशिवाय मजा नाही, एक दिवस सोडा त्याला." मी म्हटलं, तो काय म्हणतो ते त्यालाच विचार. तू त्याला 'नाही' म्हणालास हे ऐकलं. शिवीसकट ऐकलं. शिवी वगळून तेवढंच सांगायला शिक.

साकेतकडे मात्र तू अजून गेलेला नाहीस. पत्ता मी पहिल्याच पत्रात लिहिला होता. तेव्हापासून मी त्याबद्दल एक शब्द काढला नाही, तूही काढला नाहीस. त्या घरावरून मी रोज भाजी आणायला जातो.

तुझा,
सु. टिपणीस


वागळे इस्टेट
१३ जानेवारी

आदरणीय सर,

काल तुम्ही जिंकलात. अभिनंदन. हे पहिलं लिहायला पाहिजे होतं म्हणून लिहिलं, आता खरं लिहितो.

काल सकाळी उठलो आणि पाय आपोआप बाईककडे गेले. दिशाला शब्द दिलेला, तरी. मनात म्हटलं, लांब उभा राहीन, तोंडाला रुमाल बांधीन. पण मला माझं तोंड माहीत आहे, सर. रुमालातून पण ऐकू जाईल. मग बाईक उलटी वळवली, विठ्ठलवाडीच्या एकदम विरुद्ध दिशेला, आणि नौपाड्यात आलो. मी साकेतची माफी मागायला गेलो असं तुम्हाला वाटू नये. मी मैदानावर जाऊ नये म्हणून कुठेतरी जायला पाहिजे होतं, आणि तुमच्या पत्रातला तेवढा एकच पत्ता माझ्याकडे होता.

दार साकेतनेच उघडलं. कानात कापूस. माझ्याहून बारीक आहे, त्या दिवशी मला तो केवढा मोठा दिसलेला. त्याने ओळखलं. मी काहीतरी पाठ करून गेलेलो ते सगळं गेलं. तो आतल्या बाजूला बघून बोलला, "आई, मित्र आलाय. खो-खोवाला." आणि मला हळूच, "चप्पल बाहेर काढ. आणि ओरडू नकोस, बाबा झोपलेत."

आत टीव्हीवर तुमचीच मॅच लागलेली. यूट्यूबवरून, लाइव्ह. पण आवाज बंद. मी विचारलं, "मुद्दाम?" तो बोलला, "आवाज वाढला की कानात सुई टोचल्यासारखं होतं. डॉक्टर म्हणाले, गर्दीत जायचं नाही. म्हणून तर घरी आहे, नाहीतर मी काय तुझ्याबरोबर मॅच बघायला बसलो असतो?"

मी बसलो. सोफ्याच्या कडेवर. त्याची आई उपमा घेऊन आली, माझ्याकडे बघितलं, बशी ठेवून गेली.

मी बोललो, "साकेत, त्या दिवशी..."
"मी वडापाव खात होतो रे," तो बोलला. "टेन्शन आलं की मला भूक लागते. तोंड उघडं दिसलं असेल ते त्याच्यामुळे. अर्धा वडापाव मातीत गेला माझा."
मी बोललो, "आवाज माझाच होता."
"माहीत आहे. व्हिडिओ काय तूच बघतोस का? आमच्या ग्रुपवर तुझं स्टिकर आहे." त्याने दाखवलं. माझा गॉगलवाला फोटो, खाली 'खो'. तो हसला, मग कान धरून थांबला. हसल्यावर पण दुखतं त्याला.

मॅच मी आयुष्यात पहिल्यांदा अशी बघितली, सर. बिनआवाजाची. तुम्ही बाकावर बसून चष्मा पुसताय ते दिसलं. सखाराम हात हलवतोय, ग्रुप नाचतोय, कोणाचं काही ऐकू येत नाही. आणि मला कळलं की एवढी वर्षं मी मॅच बघितलीच नव्हती. मी ओरडत होतो. दिशा पाटीत कशी बसते ते मला काल दिसलं. एक हात जमिनीला टेकलेला, मान खाली. ती कोणाकडेच बघत नाही. मला वाटायचं ती आमच्या बाजूला बघते.

रेषेजवळ तिचे बाबा. पांढरा शर्ट, हात मागे बांधलेले. ते मैदानाकडे कमी आणि गर्दीकडे जास्त बघत होते. एकेक चेहरा तपासत होते. मला शोधत होते. मी इकडे नौपाड्यात उपमा खातोय आणि तो माणूस स्वतःच्या मुलीची फायनल बघायची सोडून मला शोधतोय. मला टीव्हीच्या आत हात घालून त्यांची मान वळवावीशी वाटली.

शेवटच्या डावात परत तसंच झालं, ठाण्याची एक उरलेली, थोडाच वेळ बाकी. कृतिका धावत येतेय, दिशाची पाठ तिच्याकडे. सर, माझं तोंड उघडलं. एवढं होऊन पण उघडलं. मी उपम्याचा चमचा दातात धरला. साकेत माझ्याकडे बघत होता, टीव्हीकडे नाही.

कृतिकाचा हात पाठीला लागलेला मी बघितला. तळवा पूर्ण टेकला. मग दिशा उठली, आणि ती पोरगी दोन पावलांत बाद.

साकेतने उशी भिंतीवर मारली, "गेली, च्यायला!" बोलला. पडद्यावर सगळे नाचत होते. तिच्या बाबांचे हात सुटलेले होते, तोंड उघडं होतं, ते काहीतरी ओरडत होते. काय, ते ऐकू आलं नाही. तिचं नाव असेल. ती त्यांच्याकडेच धावत गेली.

मी उठलो. निघावं असं वाटलं. तेवढ्यात साकेतची आई आतून आली, हातात औषधाची छोटी बाटली. मला बोलली, "तू वायले ना?"

तिला पहिल्यापासून माहीत होतं, सर. उपमा देताना पण माहीत होतं. मी हो म्हटलं. मला वाटलं आता तरी माफी मागावी, तोंड उघडलं, तर ती बोलली, "राहू दे. टिपणीस सर तुझ्या वतीने मागून गेले आहेत, आता ती शिळी झाली. हे घे. रोज मी घालते. आज तू घाल."

साकेत सोफ्यावर आडवा झाला, कान वर करून. कापूस काढला. कान साधाच असतो, सर, बाहेरून काही दिसत नाही. मला वाटलेलं काहीतरी दिसेल. मी वाकलो, बाटली उलटी धरली. पहिला थेंब गालावर पडला. त्याच्या आईने पदराने पुसला आणि परत तिथेच उभी राहिली. दुसरा केसात गेला.

"हलू नको ना रे," मी बोललो.

"मी कुठे हलतोय?" साकेत बोलला. "तूच हलतोयस."

आपला,
देवेश